परदेशातील उमेदवारी कोणाच्या वाट्याला?

‘उमेदवारी’ म्हटले की आजच्या कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर निवडणुकीचा अर्ज, अनामत रक्कम आणि चिन्हांचे वाटप उभे राहते. परंतु हा शब्द निवडणुकीला चिकटण्यापूर्वी आपल्या भाषेत एका वेगळ्या अर्थाने रूढ होता. कचेरीत, पेढीवर किंवा कारखान्यात पगाराची अपेक्षा न धरता, उद्या कधी तरी कायम होऊ या उमेदीवर जो तरुण काम शिकत बसे, तो उमेदवार. ज्याच्या घरी दोन वेळच्या भाकरीची सोय असे त्यालाच असे बसणे परवडे; ज्याची नसे तो सरळ हमालीला लागे. शासकीय मराठीत जिला आंतरवासिता म्हणतात आणि व्यवहारात जी इंटर्नशिप या नावाने ओळखली जाते, ती याच उमेदवारीची नवी आवृत्ती होय. फरक इतकाच की तिचे क्षेत्र आता तालुक्याच्या कचेरीपुरते राहिलेले नाही. ते झुरिक, टोरांटो आणि टोकियोपर्यंत पसरले आहे. जुना प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे : बिनपगारी किंवा अर्ध्या पगारी शिकत बसणे कोणाला परवडते?

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक मिळू लागले. महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही नव्या आराखड्यात त्याला स्थान दिले. तत्त्व म्हणून हे स्वागतार्ह आहे. ज्ञान आणि श्रम यांची फारकत हे आपल्या जातिव्यवस्थेचे जुने दुखणे आहे, आणि ती फारकत मोडणारे कोणतेही पाऊल समाजवाद्याला आपलेच वाटले पाहिजे. परंतु एखादी गोष्ट ऐच्छिक असते तेव्हा ती हौस असते. ती सक्तीची होते तेव्हा तिच्या वाटपाचा प्रश्न निर्माण होतो. प्रत्येक विद्यार्थ्याने अनुभव घेतला पाहिजे असे सांगायचे आणि अनुभवाची जागा ज्याची त्याने शोधायची असे ठेवायचे, यात ज्याच्यापाशी वशिला आहे त्याचा फायदा आणि ज्याच्यापाशी नाही त्याची फरफट ठरलेली आहे. परदेशी इंटर्नशिपच्या बाबतीत तर हा वशिला दुहेरी लागतो. इथला आणि तिथलाही.

आम्ही ज्या ऐरोलीत राहतो तिथे हा विरोधाभास रोज पाहावयास मिळतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ठाणे खाडीपलीकडील, म्हणजे टीटीसी, औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. १९६० च्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने ते वसवायला घेतले. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहिले. रसायनांच्या कारखान्यांची जागा पुढे संगणकाने घेतली. आज ऐरोलीच्या स्थानकाबाहेर माइंडस्पेस आणि गिगाप्लेक्स यांच्या काचेच्या इमारती आहेत. तिथे परदेशी ग्राहकांची कामे चोवीस तास चालतात. पॅरिसमध्ये मुख्यालय असलेल्या कॅपजेमिनीचे आवार याच रस्त्यावर आहे आणि जर्मन सीमेन्सचा कळव्याचा कारखानाही. थोडक्यात, जग ऐरोलीत येऊन राहिले आहे. परंतु दिवा, रबाळे, गोठिवली, घणसोली या गावठाणांतील मुलामुलींना त्या जगात जायचे झाले, तर त्यांना त्या इमारतींच्या मागच्या दाराने, कंत्राटदाराच्या ओळखपत्रावर जावे लागते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी लढा दिला, पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य करून घेतले गेले. जमिनीच्या मोबदल्याचा तो हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. त्या जमिनीवर जे ज्ञान आणि जी संधी उगवली, तिच्यातल्या वाट्याचा हिशेब तर अजून मांडलाच गेलेला नाही.

एक उदाहरण देतो. टीटीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार असलेल्या गृहस्थांची मुलगी रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. युरोपातील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याचे तीन महिने काम करण्यासाठी तिची निवड झाली. तिने ही जागा कोणाच्या ओळखीने नव्हे, तर तीसएक प्राध्यापकांना पत्रे लिहून मिळवली होती. तिला मानधनही मिळणार होते. अडचण अशी की ते मानधन तिथे पोहोचल्यानंतर, पहिल्या महिन्याच्या अखेरीस सुरू व्हायचे होते. तिकीट, व्हिसा, विमा, राहण्याच्या जागेची अनामत आणि बँकेत पुरेशी शिल्लक असल्याचा दाखला, हे सारे त्याआधी हवे होते. बँकेकडे विचारणा केली, तेव्हा पदवीसाठी कर्ज मिळते, तीन महिन्यांच्या कामासाठी मिळत नाही, असे उत्तर आले. महाविद्यालयाला पत्र मागितले, तर असे पत्र कोणत्या नमुन्यात द्यायचे हे कोणाला ठाऊक नव्हते. मुदत टळली. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली असेल. त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे इतकेच की ही मुलगी गुणवत्तेत कुठेही कमी पडली नाही. ती कमी पडली ती सहा आठवड्यांच्या आगाऊ पैशात आणि एका कागदात.

इथे प्रस्तुत लेखकाने स्वतःचाही दोष मान्य करणे प्राप्त आहे. तीस वर्षांहून अधिक काळ अर्थशास्त्र शिकवताना आम्ही शिफारसपत्रे पुष्कळ लिहिली. जो मागेल त्याला दिले, कोणाला नाही म्हटले नाही, याचे समाधानही बाळगले. निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना लक्षात येते की मागायला येणारी मुले बहुतेक एकाच प्रकारच्या घरांतून आलेली होती. ज्यांच्या घरी कोणी ना कोणी परदेशी जाऊन आलेले होते, त्यांनाच असे काही मागायचे असते हे माहीत होते. मागच्या बाकावरच्या मुलाला आम्ही कधी स्वतः बोलावून ‘तू अर्ज कर’ म्हटले का? क्वचितच. दार उघडे होते, पण दार कुठे आहे हे सांगण्याचे काम आम्ही आमचे मानले नाही. वर्गात विषमतेची कारणे शिकवणारा माणूस आपल्याच टेबलावर विषमता वाटत होता, असे कोणी म्हटले तर ते नाकारता येणार नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, परदेशी इंटर्नशिपची किंमत पैशात दिसते त्याहून अधिक असते. पहिली किंमत माहितीची. कॅनडातील मायटॅक्स या संस्थेने २००९ साली बारा आठवड्यांच्या संशोधन-उमेदवारीची योजना सुरू केली, ती आयआयटीतील मोजक्या विद्यार्थ्यांपासून. जर्मनीची डीएएडी ही विनिमय-संस्था आपल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अशाच जागा देत आली आहे. जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत उन्हाळी विद्यार्थ्यांची योजना आहे, आणि भारत २०१७ पासून त्या संस्थेचा सहयोगी सदस्य आहे. ही नावे नामांकित संस्थांच्या वसतिगृहांत तोंडपाठ असतात. संलग्न महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ती औषधालाही सापडत नाहीत. दुसरी किंमत थांबण्याची. पुढल्या उन्हाळ्यातील जागेसाठी आदल्या पावसाळ्यापासून तयारीला लागावे लागते; ज्याला परीक्षा संपताच घरात पगार आणायचा आहे त्याला इतक्या लांबची पेरणी जमत नाही. तिसरी किंमत आगाऊ रकमेची. ती वर सांगितलीच. आणि चौथी किंमत कागदांची. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी घाईने लागू केली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले, तेव्हा कित्येकांचे परदेशी प्रवेश टांगणीला लागले होते. ज्याच्यापाशी पैसा होता तो एक वर्ष थांबला; ज्याच्यापाशी नव्हता त्याने नाद सोडला.

ही विषमता केवळ आपल्याकडची नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडचा बावीस वर्षांचा एक तरुण संयुक्त राष्ट्रसंघाच्या जिनीव्हा कार्यालयात बिनपगारी इंटर्नशिप करताना तळ्याकाठी तंबू ठोकून राहत असल्याचे उघड झाले. जगाला समान संधीचे धडे देणाऱ्या संघटनेच्या दारातच हा तंबू उभा होता. त्यानंतर चर्चा पेटली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० पासून आपल्या इंटर्नना मानधन देण्यास सुरुवात केली. म्हणजे गवगवा झाला तर व्यवस्था बदलते. परंतु तो तरुण निदान न्यूझीलंडहून जिनीव्हापर्यंत पोहोचू शकला होता. जो घणसोलीहूनच निघू शकला नाही, त्याचा तंबू कोणालाच दिसत नाही.

आपल्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि ते आजच्या योजनांहून अधिक धाडसी होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी एकेक पैसा वर्गणी जमवून पैसा फंड उभा केला; लोकमान्य टिळकांनी त्याच्या पाठीशी आपले बळ उभे केले. त्या पैशातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना सुरू झाला. त्याची तांत्रिक सूत्रे ज्यांच्या हाती होती ते ईश्वरदास वार्ष्णेय जपान व अमेरिकेत ही विद्या शिकून आले होते. तळेगावात शिकलेले कारागीर पुढे देशभर काचधंद्यात पसरले. परदेशात मिळवलेली विद्या एका व्यक्तीच्या पगारात न मुरता, लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या संस्थेतून शेकडो हातांत कशी जाते, याचा हा मराठी मुलखातील वस्तुपाठ आहे.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ऐरोलीच्या सेक्टर १५ मधील त्यांच्या स्मारकात विद्यार्थी अभ्यासाला बसतात, तेव्हा या गोष्टीची आठवण त्यांना आवर्जून द्यावीशी वाटते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. लंडनमधील अभ्यास अर्धवट असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून मिळालेल्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. बाबासाहेबांच्या जिद्दीला वंदन करताना आपण एक गोष्ट विसरतो : जगातील एका असामान्य बुद्धिमत्तेलाही मध्येच परत यावे लागले, ते पैसा संपला म्हणून. असामान्य माणूस पुन्हा जातो. सामान्य बुद्धीची, परंतु प्रामाणिक आणि कष्टाळू मुलगी पुन्हा जात नाही. व्यवस्था तिच्यासाठी असावी लागते. बाबासाहेबांसारखे लोक व्यवस्थेशिवायही वाट काढतात.

आणि समाजवादी वाचकाला जयप्रकाशांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. १९२२ ते १९२९ ही सात वर्षे ते अमेरिकेत होते. विद्यापीठाची फी भरण्यासाठी त्यांनी द्राक्षांच्या मळ्यांत, फळांच्या कारखान्यांत, उपाहारगृहांत मजुरी केली. समाजवाद त्यांना विस्कॉन्सिनच्या ग्रंथालयात भेटला हे खरे. पण मजूर या नात्याने जे अंगावर घेतले होते, त्याने त्या पुस्तकांना अर्थ दिला. परदेशातील काम माणसाला केवळ नोकरीच्या बाजारात महाग करते असे नाही. ते त्याला आपल्या समाजाकडे बाहेरून पाहायला शिकवते. म्हणूनच ही संधी फक्त सुखवस्तूंच्या मुलांना मिळणे हा केवळ आर्थिक अन्याय नाही. समाजाकडे बाहेरून पाहण्याचा अधिकारही मग एकाच वर्गाच्या हाती राहतो.

मात्र ‘परदेशी संधी’ हे शब्द ऐकताच हुरळून जाण्याचेही कारण नाही. शिकण्याच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळवण्याची युक्ती भांडवलदाराला चांगलीच अवगत आहे. जपानने १९९३ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींची योजना सुरू केली. गरीब देशांतील तरुणांनी कौशल्य शिकावे आणि मायदेशी न्यावे, असा तिचा जाहीर हेतू होता. प्रत्यक्षात मालक बदलण्याची मुभा नसलेले हे प्रशिक्षणार्थी शेती, मत्स्यप्रक्रिया, बांधकाम यांसारख्या धंद्यांत मजूर म्हणून राबवले गेले. थकलेले पगार आणि जप्त केलेली पारपत्रे यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या. २०१७ मध्ये भारतानेही या योजनेसाठी जपानशी सहकार्याचा करार केला. २०२४ च्या जूनमध्ये जपानी संसदेनेच ती योजना मोडीत काढून २०२७ पर्यंत नवी व्यवस्था आणण्याचा कायदा केला. अमेरिकेतही २०११ च्या ऑगस्टमध्ये सांस्कृतिक विनिमयाच्या व्हिसावर आलेल्या शेकडो परदेशी विद्यार्थ्यांनी पेनसिल्व्हेनियातील हर्शी चॉकलेटच्या गोदामासमोर निदर्शने केली. अमेरिका पाहायला आलेल्या या मुलांना रात्रपाळीत खोकी उचलावी लागत होती, आणि घरभाडे वळते होऊन हातात फारसे काही उरत नव्हते. तेव्हा संधी शोधणे इतकेच आपले काम नव्हे. संधी आणि सापळा यांतला फरक ठरवणारी मोजपट्टी आपल्या हाती असली पाहिजे.

इथे आमच्याच गोटातून दोन आक्षेप येतील याची आम्हांला जाणीव आहे. पहिला असा की जिल्हा परिषदेच्या शाळांना शिक्षक नाहीत, आणि तुम्ही परदेशी इंटर्नशिपच्या गोष्टी काय करता? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. शाळेला शिक्षक हवा या मागणीशी या मागणीचे भांडण नाही. उलट, बहुजनांसाठी मागायचे ते फक्त प्राथमिक आणि वरचे सारे आपोआप उच्चवर्णीयांचे, ही वाटणी आपण मनातल्या मनात मान्य केली आहे का, हे तपासून पाहिले पाहिजे. सार्वजनिक शिक्षणाचा पाया रुंद हवा आणि त्याचे शिखरही सार्वजनिक हवे. दुसरा आक्षेप बुद्धीच्या निर्यातीचा. मुलगा गेला तो परत येईल कशावरून? उत्तर असे की तीन महिन्यांची इंटर्नशिप ही देशांतराची नव्हे, परत येण्याची रचना आहे. विद्यार्थी अजून इथल्या विद्यापीठाचा असतो, त्याची पदवी इथे पूर्ण व्हायची असते. शिवाय गरीब घरातील मुलगा परदेशी गेला की बुद्धीची निर्यात आठवायची आणि श्रीमंताचा गेला की अभिनंदनाचे फलक लावायचे, हा दुटप्पीपणा आपल्याला शोभत नाही.

तर मग करायचे काय? पहिले तत्त्व आमच्या मते अदलाबदलीचे असावे. दुसऱ्या महायुद्धाच्या जखमा ओल्या असताना, १९४८ च्या जानेवारीत लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आयएस्टे या संघटनेचा जन्म झाला. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी परस्परांच्या देशात पगारी प्रशिक्षण घ्यावे, हा तिचा हेतू. तिचा व्यवहार साधा आहे : तुम्ही आमच्या एका विद्यार्थ्याला जागा द्या, आम्ही तुमच्या एका विद्यार्थ्याला देतो. यात दयाबुद्धी नाही, याचना नाही. जागेच्या बदल्यात जागा. आता विचार करा, ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा किती जागा निर्माण होऊ शकतात! आपल्या हाती देण्यासारखे काही नाही या समजुतीनेच आपण आजवर मागत आलो. वस्तुतः कारखाने, प्रयोगशाळा, खाडीतील रोहित पक्ष्यांचा अधिवास, महापालिकेची सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रे, हे सारे जगातील कोणत्याही विद्यार्थ्याला शिकण्याजोगे आहे. या जागा एकत्र बांधून त्यांच्या बदल्यात बाहेरच्या जागा मागणारी यंत्रणा मात्र नाही.

दुसरे तत्त्व सार्वजनिक खर्चाचे. युरोपातील राष्ट्रांनी १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू केली, तेव्हा ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी तिच्यात सहभागी झाले. आज तिच्यातून लक्षावधी तरुण गेले आहेत. शिक्षणाबरोबर दुसऱ्या देशात काम शिकण्यासाठीही तिच्यातून अनुदान मिळते आणि वंचित गटातील विद्यार्थ्यांना अधिक मिळते. भांडवलशाही युरोपला जे खाजगी ऐपतीवर सोडावेसे वाटले नाही, ते आपण सोडून मोकळे झालो आहोत.

आपल्याकडे योजना नाहीत असे नाही. केंद्राने २०२४ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना पाचशे बड्या कंपन्यांत इंटर्नशिप देण्याची घोषणा केली आणि महिना पाच हजार रुपये ठरवले. महाराष्ट्राने त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतन जाहीर केले. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल तरुण पाठवण्याबाबत करार केला आणि दहा हजारांचा आकडा सांगितला. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने २००३ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा वर्षाला ७५. या साऱ्यांत एक पोकळी राहते. पहिल्या दोन योजना देशातील कामापुरत्या आहेत. तिसरी पदवीधर विद्यार्थ्याला शिकवण्याची नव्हे, तयार हात पाठवण्याची आहे. चौथी संपूर्ण पदवीसाठी आहे. शिकत असताना दोन-तीन महिने जगात जाऊन, हाताने काम करून परत येणाऱ्या संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यासाठी यांत काहीही नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. हे भगिनीपण स्वागत-समारंभांपलीकडे न्यायचे असेल, तर जागेच्या बदल्यात जागेचा करार त्याच शहराशी का करू नये? त्यातच २०२५ साली अमेरिकेने मे-जूनमध्ये काही आठवडे विद्यार्थी-व्हिसाच्या मुलाखती थांबवल्या आणि सप्टेंबरात नोकरीच्या एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. व्यक्तीने एकट्याने ठोठावलेली दारे एका हुकमाने बंद होतात. संस्थासंस्थांमधील आणि शहराशहरांमधील करार इतक्या सहजी मोडत नाहीत.

विद्यापीठाला तर यासाठी नवा कायदाही नको. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय दुवे जोडण्यासाठी एका स्वतंत्र मंडळाची तरतूद आहेच. या मंडळाने वर्षातून दोन वेळा सर्व महाविद्यालयांना मराठीतून उपलब्ध जागांची, मुदतींची आणि कागदपत्रांची यादी पाठवावी. निवडपत्र मिळालेल्या विद्यार्थ्याला सात दिवसांत गुणपत्रक आणि नमुन्याप्रमाणे पत्र द्यावे. गेलेल्यांची नावे नव्हे, तर त्यांचे महाविद्यालय, सामाजिक गट आणि मिळालेले मानधन यांचा वार्षिक तक्ता अधिसभेपुढे ठेवावा. संधी कोणाकडे जाते हे मोजले गेले नाही, तर ती नेहमीच्याच घरी जाते.

पैशाचा ढोबळ हिशेब मांडू. समजा, ऐरोली ते घणसोली पट्ट्यातील पन्नास विद्यार्थ्यांना दरवर्षी तीन महिन्यांसाठी पाठवायचे आहे, आणि तिकीट, व्हिसा, विमा व पहिल्या महिन्याचा निर्वाह यांसाठी प्रत्येकी अडीच लाख रुपये आगाऊ द्यायचे आहेत. एकूण सव्वा कोटी रुपये झाले. त्यातील निम्मी रक्कम मानधनातून परत आली, तर निव्वळ खर्च साडेबासष्ट लाखांचा. नवी मुंबई महापालिकेचा वार्षिक अर्थसंकल्प अलीकडे चार हजार कोटींच्या वर गेला आहे. शिष्यवृत्त्या देण्याची परंपरा तिच्याकडे आहेच. त्यात हा एक फिरता निधी घालणे अशक्य नाही. कंपन्यांनाही मोकळे सोडू नये. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. २०२१ च्या नियमांनुसार देशाबाहेरील कामावर हा पैसा खर्चता येत नाही. परंतु इथे जर्मन, फ्रेंच, जपानी भाषांचे संध्याकाळचे वर्ग चालवायला त्याची आडकाठी नाही. म्हणून तिकीट महापालिकेचे आणि भाषा कंपनीची, अशी विभागणी करता येईल. मात्र एक अट कटाक्षाने पाळावी : रक्कम आधी द्यायची, हिशेब नंतर घ्यायचा. ‘आधी खर्च करा, मग पावत्या जोडा’ ही पद्धत ज्याच्यापाशी पैसे आहेत त्यालाच मदत करते.

मोजपट्टी कोणती? आमच्या मते पाच कलमे पुरेत. विद्यार्थ्याकडून जागेसाठी एक पैसाही शुल्क घेतले जाऊ नये. मानधन स्थानिक निर्वाहाला पुरेल इतके असावे. फ्रान्समध्ये दोन महिन्यांहून अधिक काळाच्या इंटर्नशिपला मोबदला देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि जर्मनीत २०१५ पासून तीन महिन्यांवरील ऐच्छिक इंटर्नशिपला किमान वेतन लागू आहे, तेव्हा ही मागणी अवास्तव नाही. काय शिकवणार हे करारात लिहिलेले असावे. विमा आणि राहण्याची जागा, विशेषतः मुलींसाठी, निघण्यापूर्वी निश्चित असावी. आणि तक्रार करण्यासाठी इथे एक नाव, तिथे एक नाव असावे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाला १९८३ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली. इंटर्नशिपच्या नावाने पोरांकडून लाखो उकळणाऱ्यांनाही तीच शिस्त लावली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या भागातील महाविद्यालयाच्या प्राचार्यांना तीन प्रश्न लेखी विचारावेत : गेल्या तीन वर्षांत किती विद्यार्थी परदेशी इंटर्नशिपला गेले, त्यांतील किती जण घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेले होते, आणि महाविद्यालयाने त्यांना कोणती मदत केली. कामगार संघटनांनी वेतनकराराच्या मागण्यांत कामगारांच्या, कंत्राटी कामगारांच्याही, मुलांसाठी कंपनीच्या परदेशी शाखांतील जागांचे एक कलम घालावे. अधिसभेच्या निवडणुकीत उमेदवाराला या मंडळाविषयी बोलते करावे. पारपत्राचा अर्ज, शपथपत्र, बँकेचा दाखला यांसाठी शाखेच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी. रेशनकार्डासाठी आपण हे करतच आलो आहोत. आणि जो विद्यार्थी जाऊन येईल, त्याच्याकडून बंधपत्र घेऊ नये. पुढच्या वर्षी पाच जणांचे अर्ज भरून देण्याचा शब्द तेवढा घ्यावा.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्यांची घरे आणि शेते त्या धावपट्टीखाली गेली, त्यांची मुले तिथे सामान वाहण्याच्या कामाला लागतील. ते काम हलके नाही आणि कमी प्रतीचेही नाही. परंतु त्यांच्यापैकी कोणी हातात निवडपत्र आणि खिशात आगाऊ मिळालेले तिकीट घेऊन त्याच विमानतळावरून शिकायला निघेल की नाही, हे या शहराने ठरवायचे आहे. ती रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आता एका खाजगी शिकवणीत शिकवते. परवा भेटली, तेव्हा तिने स्वतःविषयी काही मागितले नाही. आपल्या वर्गातल्या एका मुलाला पत्रे कशी लिहायची ते शिकवते आहे, एवढेच म्हणाली. आणि यंदा तरी पैशाची काही सोय होईल का, असे विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते आपणा सर्वांना मिळून द्यावयाचे आहे, आणि पुढल्या पावसाळ्याच्या आत द्यावयाचे आहे.